भावासाठी घेतलेली करवत

आर्वीच्या एसटी स्टँडवरून मी कॅनडाला जायला निघाले, त्या सकाळी माझ्या बॅगा उचलायला सुरेशदादा स्वतःहून आला होता. वर्ध्याची गाडी लागली होती. वर्ध्याहून नागपूर, तिथून दिल्ली आणि मग पुढं. लग्न नुकतंच झालेलं, माझा नवरा प्रशांत आधीच तिकडे पोचलेला. बाबा स्टँडवर आले नव्हते. दुकानातच माझ्या डोक्यावर हात ठेवून ते घाईघाईनं गिऱ्हाइकाकडे वळले, कारण त्यांना लोकांसमोर रडायचं नव्हतं. आई मात्र गाडीच्या खिडकीखाली उभी राहून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "पोचली का फोन करजो. अन् थंडीत केस ओले ठेवू नको." दादानं बॅगा डिकीत सारल्या, हात झटकले आणि म्हणाला, "तू बिनधास्त जाय. इकडची काळजी करू नको. मी हाय ना."

गाडी सुटली तेव्हा आई रडत होती आणि दादा हसत होता. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, भाऊ मोठा खुश दिसून राह्यला. मी म्हटलं, माझं चांगलं झालं ना, म्हणून. तो कशासाठी खुश होता ते मला चांगलं माहीत होतं. पण नव्या नवरीनं गाडीत अनोळखी बाईला हे सांगायचं नसतं.

आमचं बाजाररस्त्यावर हार्डवेअरचं दुकान. खिळे, कड्या, बिजागऱ्या, नळ, करवती, रंगाचे डबे. दुकानाच्या मागं आमचं घर, आणि दुकान नि घर यांच्या मध्ये एक दार. ते दार मी तरी कधी बंद पाहिलं नाही. कॉलेज सुटलं की मी त्या दारातून दुकानात जायची ती थेट संध्याकाळीच बाहेर पडायची. बाबांनी मला सगळं शिकवलं. ते म्हणायचे, "गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं नको पाहू, हाताकडं पाह्य. हात सांगते त्याले काय पाह्यजे ते." शेतावरचा माणूस, गवंडी, सुतार, नवीन घर बांधणारा मास्तर, प्रत्येकाचे हात वेगळे. बाबांची छाती दुखायला लागली तेव्हा दुकान मीच चालवलं. नागपूरच्या नोकरीत दादाचा जम बसला नाही, तो परत आला, आणि आल्याच्या पुढच्या सोमवारी मी गल्ल्यामागं बसायला गेले तर तिथं तो बसलेला. "दुकानात पोरगी बसलेली बरी दिसत नाई," तो म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा तराजूचं पारडं पुसत राहिले. आई दारात उभी होती. ती एकटीच म्हणाली, "इतके दिवस दिसत होती ना बरी?" पण तिचं कोण ऐकणार!

त्यानंतर स्थळं पाहणं सुरू झालं. सासर मिळालं वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचं, चांगली माणसं, आणि नवरा कॅनडात. लोक म्हणाले, नशीब काढलं पोरीनं. काढलं खरं. पण मी आर्वी सोडली ती मनात दादाचं नाव घट्ट गाठ मारून. इतक्या वर्षांत ती गाठ सुटली नाही, आणि मी सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

तिकडे काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या कॅनडातल्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून घरबांधणीच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान आहे. आर्वीचा अख्खा बाजार त्यात बसेल आणि वर ट्रॅक्टर उभे करायला जागा उरेल. आधी मी तिथं कॅशवर होते, मग हत्यारांच्या रांगेत आले. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गोऱ्यानं विचारलं, ड्रायवॉल कापायला कोणती करवत घेऊ? मला ड्रायवॉल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. घरी येऊन प्रशांतला विचारलं तर त्यानं बैठकीच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. "ही," तो म्हणाला, "चुन्यासारखी पावडर दोन कागदांच्या मधात दाबलेली." मी कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत बसले. आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे आधी चार खिळे वाकायचे. इथं माणसं आयुष्यभर कागदाच्या आडोशाला राहतात आणि त्याला घर म्हणतात.

पुढं तळघरात एक खोली काढायची होती. मजूर परवडणारा नव्हता, तेव्हा मी आणि प्रशांतनं तीच कागदी भिंत स्वतः कापली, बसवली, चुकवली आणि परत बसवली. हात पांढरे, केस पांढरे, नाकात पांढरी धूळ. त्या हिवाळ्यात मला या भिंतीची नस कळली. तिच्यात दोन बाजूंच्या दोन बोर्डांमध्ये उभं लोखंडी चॅनल कुठं असतं, स्क्रू कुठं असतात, वायर कुठून जाते. त्यानंतर दुकानात कोणीही येऊन करवत विचारली की मी आधी त्याच्या हाताकडे पाहायची आणि मग सांगायची. आमचा मॅनेजर एकदा म्हणाला, तुला हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. तोवर बाबा गेले होते.

बाबा गेल्यावर दादानं दुकानाचं शोरूम करायला घेतलं. काच, टाइल्स, छताला पांढरे दिवे. एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्या मागं नेहमी ते दार दिसायचं आणि दारातून दुकानाचा तुकडा, येणारे-जाणारे पाय. त्या दिवशी मागं नुसती पांढरी भिंत होती.

"आई, दार कुठं गेलं?"

"सुरेशनं बुजवून घेतलं. जिप्समचं का काय म्हणते ते लावलं." म्हणजे इकडचं ड्रायवॉलच.

"काऊन?"

"शोरूमात बरं दिसत नाई म्हणे मी. स्टुलावर बसून राह्यतो ना. अन् मी गिऱ्हाईकाले सांगतो ना, ही कडी घेऊ नको, गंजते. त्याले नाई आवडत ते."

मागच्या बाजूनं बोळात निघायला दार आहे, पण तिथल्या पायऱ्या उंच आणि तुटक्या, समोर एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनची भिंत. आईचे गुडघे त्या पायऱ्यांच्या कामाचे नाहीत. दादाचं कुटुंब वर माडीवर. वहिनी वरून ताट पाठवते. म्हणजे आईच्या वाट्याला एक खोली, एक बल्ब, आणि त्या भिंतीपलीकडे दिवसभर चाललेलं तिचं स्वतःचं दुकान. जागा बाबांनी आईच्या नावानं केली होती, हे मुद्दाम सांगते. आईच्या घरात आईलाच कोंडायला माझ्या भावाला एक दुपार आणि दोन माणसं पुरली होती.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुले तिकडं बसून काय समजते? धंदा हाय. आई मजेत हाय." मी आणखी फोन केले, त्यानं उचलणं सोडलं. मग मी दसऱ्याचं तिकीट काढलं. दसऱ्याला त्याच्या शोरूमचं उद्घाटन होतं.

सुट्टीच्या दिवशी मी माझ्याच रांगेत गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. कितीतरी लोकांसाठी करवत निवडली होती, स्वतःसाठी पहिल्यांदाच. विजेवरचं हत्यार नको होतं. त्यानं काम झटपट होतं, पण आवाज आधी पोचतो, आणि मेन स्विच दादाच्या हातात. हातकरवतच हवी. रुंद पात्याची मोठी होती, बोर्डाची लांब सरळ पट्टी कापायला झकास, पण ती सुरू करायला कडा लागते आणि बंद केलेल्या दाराला कडा नसते. घडीची एक होती, पातं मुठीत मिटतं, बॅगेत घालायला सोयीची. ती मी हातात घेऊन दाबून पाहिली. जोर दिला की पातं सांध्यात किंचित हलतं. नको. ज्या कामाला मी समुद्र ओलांडून चालले होते, त्यात पातं हललेलं मला चाललं नसतं.

मग घेतली टोकाची. आखूड, जाड पात्याची, पुढं सुरीसारखं अणकुचीदार टोक. बोर्डावर टोक टेकवायचं, मुठीवर तळहातानं दणका द्यायचा, की टोक थेट आत. तिच्यातही बारीक दात्यांची आणि मोठ्या दात्यांची अशा दोन. बारीक दात्यांनी काप गुळगुळीत येतो, पण पावडर दात्यांत बसते. मोठे दाते भराभर कापतात, फक्त पलीकडच्या बाजूचा कागद फाडतात. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते, चांगली बाजू आपल्याकडे ठेवा, फाटणारी पलीकडे. मी मोठ्या दात्यांची उचलली. आईच्या बाजूनं सरळ रेघ आणि त्याच्या शोरूमच्या बाजूनं फाटलेला कागद, मला हेच हवं होतं. मुठी दोन-तीन पालटून पाहिल्या. लाकडी मूठ गोऱ्यांच्या पंजाला बनवलेली, माझ्या हातात फिरत होती. रबराची पातळ मूठ बरोबर बसली.

भिंत लाथेनंही फुटली असती, हे मला माहीत होतं. पण फोडली असती तर तो म्हणाला असता, वेडी झाली, तमाशा केला. मला फोडायची नव्हती. मला दार कापायचं होतं, मापात.

कॅशवर मारिया होती, माझी फिलिपिनो मैत्रीण. तिनं विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, भावासाठी. ती म्हणाली, किती छान, इतक्या लांबून भावाला भेट! मी म्हटलं, हो, त्याला फार दिवसांपासून द्यायची होती.

पिपरी मेघेला सासरी एक रात्र काढून मी वर्ध्याहून आर्वीची गाडी धरली. सोयाबीन निघालं होतं, रस्त्यानं पोत्यांचे ट्रॅक्टर. गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या त्या लीलाबाई. आमच्या दुकानासमोर भाजीचं दुकान लावायच्या, आईच्या भजनातल्या. मला ओळखून त्यांनी गालावरून हात फिरवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"एकटीच आली काय माय? शांताबाईले नाई आणलं?"

मला कळेना. "आईला कुठून आणायचं?"

"अवं, तुह्याकडंच गेलती ना ते! कॅनडाले. सुरेश सांगते ना सगळ्याईले. आता तिकडंच राह्यते म्हणे, पोरगी येऊ देत नाई."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. लीलाबाईंना वाटलं मला आईची आठवण झाली. त्या मला समजावत राहिल्या की तिकडं दवाखाने चांगले असतात. आईचा फोन नंबर त्यांच्याजवळ नव्हता, कोणाजवळच नव्हता. समोरासमोर राहणाऱ्या बायांना कधी लागतच नाही तो. मी त्यांना म्हटलं, "काकू, दसऱ्याला उद्घाटनाला या. भजनाच्या सगळ्या बायांना घेऊन या." त्या म्हणाल्या, "येतो ना, सुरेशनं आवतन देलं हाय." आर्वी येईपर्यंत माझा सगळा बेत बदलला होता. आधी मी फक्त आईसाठी दार कापणार होते. आता ते दार लोकांसमोर उघडायचं होतं.

मला पाहून दादाचा चेहरा उतरला. "कळवलं काऊन नाई? समोरून नको येऊ, पॉलिशचं काम चालू हाय. बोळातून जाय." आणि लगेच, "रस्त्यात कोणी भेटलं काय?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. फार बरं वाटलं. पडू दे, म्हटलं, आणखी दोन दिवस.

आई खोलीत बल्बखाली बसून वाती वळत होती. मला बघून उठली, पोटाशी धरलं, मग लगेच विचारलं, जेवली का. ती बारीक झाली होती, त्याहून वाईट म्हणजे हळू आवाजात बोलायला लागली होती. भर बाजारात समोरच्या हॉटेलवाल्याला दुकानातून हाक मारणारी बाई ती! लीलाबाई काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं. न सांगता राहवलं नाही.

आईनं हातातली वात खाली ठेवली.

"म्हणून कोणी येत नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, लोकं मले विसरले. लीला दिवसाआड येत होती, तेही नाई आली. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाले कोण याद करते."

ती रडली नाही. मीच रडले. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, मग त्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, आणि मी बॅगेतून काढून ठेवलेल्या करवतीकडे.

"कधी कापशीन?" तिनं विचारलं. आता आवाज हळू नव्हता.

दसऱ्याला सकाळी हत्यारांची पूजा असते. हार्डवेअरवाल्याच्या घरी तर मोठी. शोरूममध्ये दादानं ड्रिल मशिन आणि कटर मांडून फुलं वाहिली. इकडे आईनं पाटावर माझी करवत ठेवली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. कोणासाठी जोडले ते मी विचारलं नाही.

दुपारी समोर लाउडस्पीकर लागला. मी लोहचुंबक फिरवून स्क्रू शोधले, पेन्सिलीनं रेघ मारली. वर दिव्यांची वायर गेली होती, तिच्या खालूनच कापायचं ठरवलं, म्हणजे दार आईच्या उंचीपुरतं होणार होतं. पात्यावर चिकटपट्टी गुंडाळली, टोक हवं तेवढंच आत जावं म्हणून. मुठीवर दणका दिला. टोक आत गेलं आणि पांढरी पावडर माझ्या मनगटावरून ओघळली. गाण्याच्या आवाजात करवतीची खरखर कोणाला ऐकू गेली नाही. आमच्या बाजूचा बोर्ड सुटा होऊन अलगद माझ्या अंगावर आला. मी तो पलंगाला टेकवून ठेवला. मधलं चॅनल वरखाली सोडवलं. आता आमच्या आणि शोरूमच्या मध्ये एकच पातळ बोर्ड उरला होता. आईनं जांभळं जरीचं लुगडं नेसलं, स्टूल घेतलं आणि समोर येऊन बसली, नाटक सुरू व्हायची वाट बघत बसावं तशी.

ऊन कलायला लागलं, लोक जमले. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग माइकवर दादाचा आवाज आला. सगळ्यांचे आभार, बाबांची आठवण. आणि पुढं: "आज आई असती इथं तं लई खुश झाली असती. पण ते कॅनडात हाय, बहिणीजवळ. तिनं तिकडून आशीर्वाद धाडला हाय."

आईनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी मुठीवर दणका दिला.

पलीकडे काय दिसलं ते मला नंतर लीलाबाईंनी सांगितलं. दादाच्या मागच्या भिंतीवर कड्या आणि मुठी टांगलेल्या होत्या, त्यांच्या मधून करवतीचं टोक बाहेर आलं आणि खाली सरकायला लागलं. आधी लोक हसले, त्यांना वाटलं काही उद्घाटनाचीच गंमत आहे. मग माइक खरखरला आणि दादानं भिंतीवर हात आपटला.

"कोण हाय बे तिकडं?"

"मी आहे, दादा. कुंदा."

"काय करून राह्यली तू?"

"दार."

त्यानं काहीतरी शिवी हासडली. मी हात थांबवला नाही. एक बाजू, वरची बाजू, मग दुसरी. खांदा भरून आला होता, पण इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. खोटं कशाला सांगू. प्रत्येक ओढीला मी मनात त्या सोमवारची सकाळ कापत होते. शेवटी मी बोर्डाला तळहात लावला आणि ढकललं. चॅनल, कड्या, मुठी, सगळं घेऊन तो शोरूमच्या चकचकीत फरशीवर आडवा झाला. मी वाटेतून बाजूला झाले. आई स्टुलावरून उठली, लुगडं नीट केलं आणि त्या दारातून पलीकडे गेली.

लाउडस्पीकर कोणीतरी बंद केला होता. लीलाबाई ओरडल्या, "अवो माय! शांताबाई! कधी आली वो कॅनडाहून?"

मला वाटलं, आई आता पोराला सांभाळून घेईल. आया घेतात. मी तोंड उघडलं, खरं काय ते सांगायला. पण आईला माझी गरज नव्हती.

"या ना," ती म्हणाली, आणि तिचा जुना, रस्ता ओलांडून जाणारा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. "तुम्हाले कॅनडा दाखवतो. सुरेशनं मले जिथं धाडलं ना, ते लई दूर नाई. इथंच हाय, भिंतीच्या मांगं. या पाहाले, लाजू नका."

आणि लोक आले. एकेक जण वाकून आत येत होता. पलंग, दोरीवरचं धुणं, कोपऱ्यातला स्टोव्ह, जेवून झालेलं ताट, भर दिवसा जळणारा बल्ब. बायका तोंडाला पदर लावून बाहेर जात होत्या. नथ्थूजी म्हणून एक म्हातारे शेतकरी, बाबांचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी खोली पाहिली, बाहेर येऊन खिशातून आपट्याची पानं काढली, आईच्या हातात सोनं दिलं, पाया पडले. मग दादाच्या समोरून गेले आणि त्याला सोनं दिलं नाही. आपल्याकडे दसऱ्याला वैऱ्यालाही सोनं देतात. त्यांच्या मागच्यानंही तसंच केलं, त्याच्या मागच्यानंही. आईची ओटी पानांनी भरत गेली आणि माझा भाऊ आपल्या शोरूमच्या मधोमध रिकाम्या हातानं उभा राहिला. वहिनी जिन्यावर रडत होती. नंतर ती मला म्हणाली, मी त्यांना सांगून पाहिलं होतं. पण तिच्या हातचं ताट रोज त्या खोलीत येत होतं.

सगळे गेल्यावर दादा आईसमोर आला, आपट्याची पानं पुढं केली. आई म्हणाली, "आधी हिले दे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. पानं स्टुलावर ठेवली आणि तो निघाला. दोन पावलांवर वळून मला म्हणाला, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "झालं."

झालंच होतं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर आत पोकळ वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मी त्या रात्री आईच्या कुशीत गाढ झोपले.

निघायच्या आधी मी आईला म्हटलं, चल ना आता खरोखरच माझ्यासोबत. ती हसून म्हणाली, "एकदा जाऊन आली ना मी कॅनडाले. लई थंडी हाय तिकडं." ती आता सकाळपासून शोरूमात स्टुलावर असते आणि गिऱ्हाइकांना कोणती कडी गंजते ते सांगते. दाराला ती चौकट बसवू देत नाही. फाटलेला कागद तसाच लोंबतो आहे. दार तिच्या उंचीचं, त्यामुळे आईला काही विचारायला जायचं झालं की दादाला वाकावं लागतं. हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. तो वाकताना त्याच्या डोक्यावर पांढरे केस दिसतात, हेही तिनंच सांगितलं. त्यावर मात्र आम्ही हसलो नाही.

राखी मी पाठवली नाही, त्यानं मागितली नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळींत कोणी कोणी मला समजावतं, शेवटी भाऊ आहे, माफ करून टाक, घर म्हणजे तेच तर असतं. मला पटत नाही. या गावात मला इतकी वर्षं झाली. शेजारी बर्फ काढून देतात, मी त्यांना शंकरपाळे देते, सगळे एकमेकांना सॉरी आणि थँक यू म्हणतात. माझं इथं कोणाशी भांडण नाही. कोणाच्या नावानं माझा जीव जळत नाही, कोणाची मान खाली गेली तर मला सुख होणार नाही. म्हणूनच कदाचित हे अजून माझं घर झालेलं नाही. माझं भांडण आर्वीला आहे, बाजाररस्त्यावर, आणि परक्या माणसाशी भांडायला कोणी इतकं लांब विमानानं जात नाही.

मागच्या आठवड्यात आई म्हणाली, सुरेश विचारत होता, कुंदा कधी येते.

"कशाला विचारतो?" मी म्हटलं.

"मी पण तेच म्हटलं, काऊन बाप्पा? तं म्हणे, असंच."

असंच म्हणे. मी दिवाळीचं तिकीट काढलं आहे.